रिकामी फाइल, भरलेली डिस्क

लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही संगणकात एक फाइल अशी असते की तिच्या पोटात एक अक्षरही साठवलेलं नसतं. पण ती उघडून वाचायला घेतली, तर अख्खी हार्ड डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत समोर येते. तिच्यात काही लिहिलं, तर ते थेट डिस्कवर उमटतं. फायली डिस्कवर असतात एवढं आपल्याला ठाऊक असतं. इथे डिस्कच एका फाइलीच्या रूपात समोर उभी असते.

अशा फायलींसाठी एक वेगळी डिरेक्टरी आहे. तिचं नाव /डेव्ह. तुम्ही पेन ड्राइव्ह खोचला की क्षणभरात तिथे एखाद-दोन नव्या फायली हजर होतात आणि ड्राइव्ह काढला की त्या नाहीशा होतात. ही ये-जा कोण सांभाळतं, नवागताचं नाव कोण ठेवतं आणि तोच ड्राइव्ह पंधरा दिवसांनी परत आला तर त्याला ओळखायचं कसं, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता अर्धशतक गेलं. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली, ती बघून मी आजही थक्क होतो.

एक अक्षर आणि दोन आकडे

टर्मिनलमध्ये फायलींची सविस्तर यादी मागितली की प्रत्येक फाइलीची एक ओळ येते: परवानग्या, मालक, गट, आकार, तारीख, नाव. आता /डेव्ह/एसडीबी या फाइलीची ओळ बघा. तिची सुरुवात इंग्रजी ‘बी’ या अक्षराने होते. मालक ‘रूट’, गट ‘डिस्क’. आणि जिथे एरवी फाइलीचा आकार लिहिलेला असतो, तिथे मध्ये स्वल्पविराम घालून दोन आकडे दिसतात: ८, १६.

‘बी’ म्हणजे ब्लॉक. डिस्क, पेन ड्राइव्ह, सीडी यांच्यावर माहिती ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत असते आणि हवा तो ठोकळा मधूनच उचलता येतो. कीबोर्ड, माउस, सिरियल पोर्ट अशा साधनांकडून बाइट एकामागून एक वाहत येतात. त्यांच्या ओळीची सुरुवात कॅरेक्टरच्या ‘सी’ने होते. पहिला आकडा ‘मेजर’. कामाची विनंती कोणत्या ड्रायव्हरकडे न्यायची, ते तो सांगतो. दुसरा ‘मायनर’. त्या ड्रायव्हरच्या ताब्यातलं नेमकं कोणतं साधन हवं आहे, ते तो सांगतो.

बस, या फाइलीत एवढंच आहे. ‘एसडीबी’ हे नाव आपल्या सोयीसाठी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्याकडे बघतही नाही, तो आकडे बघतो. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने ‘एमकेनोड’ ही कमांड वापरून तुम्ही ‘गणपती’ नावाची ब्लॉक फाइल बनवली आणि तिला ८, १६ हे आकडे दिले, तर तीही तोच ड्राइव्ह उघडून देईल.

या आकड्यांचं गणित मोठं सुबक आहे. मेजर ८ मध्ये प्रत्येक डिस्कच्या वाट्याला १६ मायनर येतात. पहिला संपूर्ण डिस्कसाठी आणि उरलेले १५ तिच्यावरच्या पार्टिशनसाठी. म्हणून एसडीए ८, ० वर, एसडीबी ८, १६ वर आणि एसडीसी ८, ३२ वर. कुठे ८, ३५ दिसलं तर डोळे मिटून सांगता येतं की हे एसडीसीचं तिसरं पार्टिशन. सोळा डिस्क झाल्या की मायनर संपतात आणि सतरावी डिस्क मेजर ६५ वर जाऊन बसते. नावाची अक्षरं ‘झेड’पर्यंत पोचली की पुढची डिस्क एसडीएए होते.

बेल लॅब्जमधला विचार

ही कल्पना लिनक्सच्याही आधीची आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतली. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या मार्गदर्शक पुस्तिकेत ‘स्पेशल फायलीं’साठी एक स्वतंत्र विभाग होता. १९७४ मध्ये दोघांनी युनिक्सची ओळख करून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या स्पेशल फायली म्हणजे आपल्या फाइल-व्यवस्थेतली सर्वांत अनोखी गोष्ट असल्याचं म्हटलं आणि तिचे तीन फायदे सांगितले. फाइल वाचणं आणि यंत्र वाचणं यांत शक्य तितकं साम्य येतं. फाइलीचं नाव मागणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला यंत्राचं नाव देता येतं. आणि फाइलीला जी परवानग्यांची राखण असते, तीच यंत्रालाही मिळते.

तिसरा फायदा चटकन डोळ्यांत भरत नाही, पण फार मोलाचा आहे. डिस्क कोणी वाचावी आणि कोणी वाचू नये हे ठरवण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावीच लागली नाही. परवानगी फाइलीवर आहे, म्हणजेच डिस्कवर आहे.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्या संदेशात त्यांनी लिहिलं होतं की एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज ती बहुधा कधीच काही चालवणार नाही, कारण त्यांच्याजवळ तेवढीच होती. त्याच सिस्टिमला पुढे जगातल्या हरतऱ्हेच्या ड्राइव्हचं स्वागत करायचं होतं.

अठरा हजार फायलींचं ओझं

सुरुवातीची पद्धत सरळ होती. जी जी साधनं कधीकाळी जोडली जाऊ शकतात, त्या सगळ्यांच्या फायली आधीच बनवून ठेवायच्या. मग साधन असो वा नसो. २००३ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जो निबंध मांडला, त्यात त्यांनी दाखवून दिलं की रेड हॅट ९ या लिनक्सच्या /डेव्हमध्ये अठरा हजारांहून जास्त नोंदी आहेत. प्रत्यक्ष संगणकाला त्यातली मोजकीच साधनं जोडलेली असत. फाइल आहे म्हणजे यंत्र आहे, असं म्हणायची सोय नव्हती.

फ्लॉपीच्या जमान्यात हे खपून गेलं, आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. फ्लॉपीची चकती ये-जा करायची, पण ती वाचणारा ड्राइव्ह संगणकाच्या खोक्यात स्क्रूने पक्का बसवलेला असे. त्यामुळे /डेव्ह/एफडी० हे नाव कायम राही. फक्त आतली चकती बदले. पेन ड्राइव्हने ही घडीच मोडली. इथे साठवण, वाचणारं यंत्र आणि त्याचं नियंत्रण करणारी चिप असं सगळंच खिशातून येतं आणि खिशातून जातं.

ही वाट मोकळी केली यूएसबीने. तिचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. ज्यांच्या कामातून ती घडली, त्या इंटेलच्या चमूतलं अग्रणी नाव म्हणजे अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. २००० साली बाजारात पहिले पेन ड्राइव्ह आले. त्यांची क्षमता ८ मेगाबाइटच्या आसपास होती, पण १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीसमोर ती चैनच होती.

मग आधी बनवून ठेवलेली यादी पुरेना. आकडेही अपुरे पडू लागले, कारण तेव्हा मेजर आणि मायनर या दोन्हींसाठी आठ-आठ बिट होते, म्हणजे प्रत्येकी फक्त २५६ जागा. रिचर्ड गूच यांच्या ‘डेव्हएफएस’ने एक तोडगा काढला: साधन असेल तरच फाइल दाखवायची. पण तिच्यात साधनांची नावं काय असावीत हे कर्नलच्या आतच ठरवलेलं होतं. तुम्हाला तुमच्या ड्राइव्हला वेगळं नाव हवं असेल तर पंचाईत. शिवाय आज पहिला आलेला ड्राइव्ह उद्या दुसरा आला तर त्याचं नावही बदलायचं. २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकली गेली.

तिची जागा घेणारा ‘यूडेव्ह’ ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये सुरू केला आणि काई सीव्हर्स यांनी त्याला पुढे नेलं. त्यामागचा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. कर्नलने फक्त काय घडलं ते सांगावं. कोणतं साधन आलं, त्याचे आकडे काय, त्याचे गुणधर्म काय, एवढंच. त्याला कोणत्या नावांनी हाक मारायची आणि कोणाला परवानगी द्यायची, हे कर्नलबाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमने ठरवावं. तेही कोणालाही वाचता येतील अशा नियमांवरून. डिसेंबर २००३ मध्ये कर्नलची २.६ मालिका आली. तिने मायनरसाठी २० आणि मेजरसाठी १२ बिट दिले, आणि प्रत्येक साधनाचे गुणधर्म उघडपणे मांडणारी /सिस ही डिरेक्टरीही दिली.

ड्राइव्ह खोचल्यावर

आता एक पेन ड्राइव्ह हातात घ्या आणि त्याच्या तोंडाशी बघा. जुन्या, यूएसबी २ च्या चपट्या टोकात चार सोनेरी पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन पट्ट्या आतल्या दोघींपेक्षा किंचित पुढे आलेल्या आहेत. बाहेरच्या दोघी विजेच्या, आतल्या दोघी माहितीच्या. त्यामुळे तुम्ही ड्राइव्ह खोचता तेव्हा आधी वीज पोचते आणि मगच संभाषणाच्या तारा जुळतात. एका मिलिमीटरच्या आसपासच्या त्या फरकावर पुढचा सगळा व्यवहार सुखरूप सुरू होतो.

ड्राइव्हच्या आत १.५ किलोओहमचा एक रोध असतो. तो माहितीच्या एका तारेचा दाब ३.३ व्होल्टकडे ओढतो. संगणकाच्या बाजूने दोन्ही तारा मोठ्या रोधांनी शून्याकडे ओढून धरलेल्या असतात. त्यातली एक वर गेली की संगणकाला कळतं: कोणीतरी आलं. कोणती तार वर गेली यावरून पाहुणा कोणत्या जातीचा हेही कळतं. साधे कीबोर्ड-माउस एक तार ओढतात, पेन ड्राइव्ह दुसरी.

संगणक लगेच बोलायला लागत नाही. हात थरथरतो, पट्ट्या घासतात, जोडणी क्षणभर तुटते-जुळते. म्हणून तो किमान १०० मिलिसेकंद थांबतो आणि मग ड्राइव्हला रीसेट करतो. रीसेट झालेलं प्रत्येक साधन शून्य या पत्त्यावर उत्तर देतं. म्हणून संगणक एका वेळी एकालाच रीसेट करतो, नाहीतर दोघं एकदम ओ देतील. मग तो त्याला १ ते १२७ मधला एक मोकळा पत्ता देतो आणि विचारतो, तू कोण?

उत्तरादाखल १८ बाइटची एक चिठ्ठी येते. तिच्यात उत्पादकाचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि अनुक्रमांक कुठे सापडेल त्याची खूण असते. पुढच्या चिठ्ठ्यांत आणखी तीन आकडे येतात: ८, ६, ८०. आठ म्हणजे साठवणुकीचं साधन. सहा म्हणजे हा स्कझी भाषेतले आदेश समजतो. ऐंशी म्हणजे ते आदेश कोणत्या पद्धतीने पाठवायचे, ते.

स्कझी ही संगणकांच्या डिस्कसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेली भाषा आहे. तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारा अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह आजही तिच्यातच बोलतो. एसडीए, एसडीबी यांतलं ‘एसडी’ म्हणजे स्कझी डिस्क. कर्नल त्या भाषेत ड्राइव्हला त्याचं नाव विचारतो, किती ठोकळे आहेत ते विचारतो आणि पहिला ठोकळा वाचतो. जुन्या धाटणीच्या ड्राइव्हवर या ५१२ बाइटच्या ठोकळ्यात ४४६ व्या जागेपासून १६-१६ बाइटच्या चार नोंदी असतात. त्या चार पार्टिशनच्या. शेवटचे दोन बाइट म्हणजे खूणगाठ: सोळा-आधारी अंकांत ५५ आणि एए. ती जुळली की एसडीबी१ जन्माला येतो.

इथे कर्नल दोन गोष्टी करतो. २००९ पासूनच्या व्यवस्थेनुसार तो स्वतःच /डेव्हमध्ये मूळ नावाची फाइल तयार करतो. ही फाइल डिस्कवर नसते, मेमरीत असते. आणि तो एक जाहीर निरोप सोडतो. निरोप साध्या मजकुराचा असतो, एकाखाली एक ओळी: कृती ‘अ‍ॅड’, प्रकार ‘ब्लॉक’, मेजर ८, मायनर १७, नाव एसडीबी१, निरोपाचा क्रमांक अमुक. यूडेव्ह कान देऊन बसलेलाच असतो.

टोकन आणि ओळखपत्र

एसडीबी हे नाव म्हणजे दवाखान्यातलं टोकन आहे. तुम्ही कितवे आलात एवढंच ते सांगतं. उद्या तुमच्या आधी दुसरं कोणी आलं, तर तुमच्या हातात वेगळं टोकन पडेल. ज्याला पेशंटची फाइल जपायची आहे त्याला टोकनवर विसंबून चालत नाही.

म्हणून यूडेव्ह नियमांची पुस्तकं उघडतो. सिस्टिमचे नियम /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये असतात आणि घरमालकाचे /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये. फायलींच्या नावांची सुरुवात आकड्याने करायची रीत आहे, कारण त्या नावांच्या क्रमानेच वाचल्या जातात. साठ क्रमांकाच्या फायलींत एक आहे कायमस्वरूपी नावांची. ती नव्या ड्राइव्हकडून त्याची सगळी माहिती काढून घेते आणि /डेव्ह/डिस्क या डिरेक्टरीत त्याच्या नावाचे दुवे तयार करते. हे दुवे मूळ फाइलीकडे बोट दाखवतात.

मुख्य वह्या चार आहेत, आणि प्रत्येकीची निष्ठा वेगळी आहे. पहिली ‘आयडी’: उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक. ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी हिच्यातली नोंद बदलत नाही, कारण ती वस्तूची ओळख आहे. दुसरी ‘यूयूआयडी’: फॉरमॅट करताना फाइल-व्यवस्थेवर उमटवलेला क्रमांक. ड्राइव्ह कुठल्याही पोर्टमध्ये, कुठल्याही संगणकात लावा, तो तोच राहतो. पण पुन्हा फॉरमॅट केलात की नवा. ही मजकुराची ओळख. तिसरी ‘लेबल’: तुम्ही प्रेमाने ठेवलेलं नाव. चौथी ‘पाथ’: ड्राइव्ह कोणत्या पोर्टात लावला आहे ते. ही जागेची ओळख. त्या पोर्टात उद्या दुसरा ड्राइव्ह आला, तर नाव त्याला मिळेल.

एकाच तळहातावरच्या वस्तूकडे चार बाजूंनी बघून चार वेगळी उत्तरं येतात, आणि चारही खरी असतात. आपल्याला नेमकं काय ओळखायचं आहे, ती वस्तू, तिच्यातला मजकूर, आपण दिलेलं नाव की ती लावलेली जागा, हे ठरवणं माणसाच्या हाती आहे.

जाणकाराने काही मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेचा यूयूआयडी १२८ बिटांचा, छत्तीस खुणांचा असतो. पेन ड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅटचा मात्र फक्त ३२ बिटांचा, मध्ये आडवी रेघ असलेल्या आठ खुणांचा, आणि तो बहुधा फॉरमॅट करतानाच्या वेळेवरून काढलेला. एखाद्या ड्राइव्हची बाइटला बाइट नक्कल काढलीत तर नकलेचा यूयूआयडीही तोच येतो आणि दोघं एकाच दुव्यावर हक्क सांगतात. आणि काही स्वस्त ड्राइव्हना अनुक्रमांक नसतोच, किंवा अनेक नगांना एकच असतो.

स्वतःचा नियम लिहिणं अवघड नाही. नियम म्हणजे एक ओळ. प्रकार ‘ब्लॉक’ आहे का, अनुक्रमांक अमुक आहे का, असं दोन बरोबरच्या खुणांनी तपासायचं आणि शेवटी अधिक व बरोबर या खुणा जोडून दुव्याचं नाव लिहायचं, समजा ‘बॅकअप’. तो ड्राइव्ह कधीही, कुठल्याही पोर्टात लावा, /डेव्ह/बॅकअप हजर होईल. मग बॅकअपच्या स्क्रिप्टला ए, बी, सी यांची फिकीर नाही. फक्त नियमातूनच लांबलचक काम सुरू करू नका. यूडेव्ह असं काम मध्येच मारून टाकतो, आणि नियमातून केलेला माउंट, म्हणजे ड्राइव्हची फाइल-व्यवस्थेशी जोडणी, बाकीच्या सिस्टिमला दिसतही नाही. काम संगणकातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिसकडे सोपवावं.

संगणक सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलीत असते. तिथेही एसडीबी१ लिहिण्याऐवजी यूयूआयडी लिहावा. काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हपुढे ‘नोफेल’ हा शब्द जोडावा. तो नसेल आणि ड्राइव्ह घरी राहिला असेल, तर सिस्टिमडी एरवी दीड मिनिट त्याची वाट बघत बसते आणि नंतर थेट दुरुस्तीच्या पडद्यावर नेऊन सोडते.

परक्या ड्राइव्हमधला धोका

नाव मिळालं, तरी ड्राइव्हमधल्या फायली दिसायला माउंट व्हावं लागतं. डेस्कटॉपवर हे काम ‘यूडिस्क्स’ करतो. यूडेव्हकडून बातमी कळली की तो परवानगी तपासतो आणि ड्राइव्ह /मीडिया किंवा /रन/मीडिया खाली तुमच्या नावाच्या डिरेक्टरीत जोडतो.

जोडताना तो न चुकता एक अट घालतो, ‘नोडेव्ह’. तिचं कारण कळलं तेव्हा मी या व्यवस्थेच्या आणखी प्रेमात पडलो. साधनाची फाइल म्हणजे एक अक्षर आणि दोन आकडे, हे आपण बघितलं. मग कोणी खोडसाळाने आपल्या संगणकावर, आपल्या पेन ड्राइव्हवर, ८, ० आकड्यांची फाइल बनवली, तिला सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली आणि तो ड्राइव्ह तुमच्या संगणकाला लावला तर? आकडे त्याने लिहिले, पण त्यांचा अर्थ तुमचा कर्नल लावणार: तुमची पहिली डिस्क. परवानग्यांची सगळी राखण एका फाइलीने भेदली जाईल. ‘नोडेव्ह’मुळे बाहेरून आलेल्या ड्राइव्हवरच्या अशा फायली निव्वळ निर्जीव नोंदी ठरतात. १९७१ ची कल्पना आणि खिशातून येणारा ड्राइव्ह यांची गाठ पडते तिथे एका शब्दाचा पहारा बसवला आहे.

निरोप घेताना

फाइल कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं, तरी ती ड्राइव्हवर पोचलेली असेलच असं नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतो आणि सवडीने उतरवतो. मूळ मांडणीनुसार दर पाच सेकंदांनी एक फेरी होते आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर त्या फेरीत खाली जातो. म्हणूनच अनमाउंट करावं लागतं. अनमाउंट म्हणजे उरलंसुरलं सगळं उतरवणं आणि फाइल-व्यवस्था नीट बंद करणं.

तसाच ड्राइव्ह उपटला तर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. जोडणी तुटल्याचं संगणकाला कळतं, कर्नल ‘रिमूव्ह’चा निरोप सोडतो, फाइल आणि दुवे नाहीसे होतात. पण माउंट अजून टिकून असेल, किंवा एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर कर्नल ‘एसडीबी’ हे नाव मोकळं करत नाही. गेलेल्या ड्राइव्हचं नाव, त्याला धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम सोडेपर्यंत, कोणालाच मिळत नाही. तोच ड्राइव्ह तुम्ही लगेच परत लावला, तर तो एसडीसी म्हणून येतो. अनेकांना हे कोडं वाटतं. कर्नल फक्त दोन वेगळ्या भेटींची गल्लत होऊ देत नाही.

याच कारणाने एक कळकळीची सूचना. ‘डीडी’ कमांडने ड्राइव्हवर थेट लिहिताना कालची एसडीबी आजही एसडीबीच असेल असं कधीही गृहीत धरू नका. एक अक्षर चुकलं तर घरच्या डिस्कवरचा सगळा संसार पुसला जातो आणि कमांड एका शब्दानेही विचारत नाही. आधी ‘एलएसबीएलके’ चालवा, आकार आणि मॉडेल डोळ्यांनी ताडून पाहा, आणि जमेल तिथे /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं लांबलचक नावच वापरा. ते टंकायला त्रास पडतो, पण त्यात वस्तूची ओळख लिहिलेली असते.

लिनक्सचा कर्नल जिथे जिथे आहे, तिथे याच कहाणीची कुठली ना कुठली आवृत्ती चालू असते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये कर्नलचे हेच निरोप ऐकायला ‘यूइव्हेंटडी’ नावाचा प्रोग्रॅम बसलेला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन या लिनक्सवर आधारलेली आहे. तिच्यातही हे सगळं आहे.

तुमच्याजवळ लिनक्सचा संगणक असेल तर टर्मिनल उघडा, ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ ही कमांड द्या आणि मग पेन ड्राइव्ह लावा. कर्नलचे निरोप आणि त्यांना यूडेव्हने दिलेला प्रतिसाद ओळीओळीने सरकताना दिसतील. नंतर नियमांची एखादी फाइल वाचायला घ्या. त्यासाठी रूटचा पासवर्ड लागत नाही आणि नुसतं वाचल्याने काही बिघडत नाही. पहिल्या वाचनात निम्मं कळेल, तेही पुष्कळ झालं. आपल्या संगणकाने आपल्या वस्तूंना कोणती नावं द्यावीत, हे ठरवणारा मजकूर त्याच संगणकात उघडा ठेवलेला आहे. तो वाचायचा आणि बदलायचा हक्क तुमचा आहे. तो जरूर वापरा.